सोबत्याचं तिकीट

राठोडबाई एस.टी.त चढायच्या तेव्हा आधी त्यांची कुबडी चढायची, मग खांद्यावरची पिशवी, मग डावा पाय आणि शेवटी दोन्ही हातांनी उचलून वर ठेवलेला उजवा पाय. तोवर मागची माणसं चुळबुळत उभी राहायची. बाईंना त्याचं काही नसायचं. वर पोचल्या की दारातच वळून मला हाक मारायच्या, "या कुलकर्णीबाई, जागा हाय." आणि कंडक्टरला सांगायच्या, "एक अपंग, एक सोबती."

ती सोबती म्हणजे मी. मधली काही वर्षं सोडली तर बारा वर्षं मीच.

पुसेगावला आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो. मी त्यांच्याआधी तीन वर्षं तिथं होते. माझे यजमान हिंगोलीला एका कचेरीत कारकून, रोज एस.टी.नं जायचे-यायचे. राठोडबाई आल्या त्या नव्वदनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्यांचं गाव म्हणजे सेनगावकडचा एक तांडा. तिथवर एस.टी. जात नव्हती, म्हणून त्यांनी आमच्याच गल्लीत, आमच्या घराला लागून असलेली खोली घेतली. लहानपणी तापात पाय गेलेला. उजव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत लाकडी कुबडी. मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, "नव्या बाई अपंग आहेत, जरा सांभाळून घ्या." मी सांभाळून घ्यायची तयारी करून बसले होते. खाली मान घालून बसणारी, आपल्या उपकाराखाली राहणारी एखादी बाई येईल, असं मला वाटलं होतं.

आल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"औंढ्याला सकाळची पहिली गाडी कवा हाय? आन सिद्धेश्वरला थेट जाती का बदलावी लागती?"

"कुणाकडे जायचंय?"

"कुणाकडं न्हाई. फिरायला."

आमच्या घरातून माणसं लग्नाला जात, मयताला जात, देवाला जात, दवाखान्यात जात. नुसतं फिरायला कुणी गेल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि सिद्धेश्वरचं धरण मी पाहिलं नव्हतं. घरापासून ते किती लांब, तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतकं.

राठोडबाईंजवळ चेनची एक पारदर्शक पिशवी असायची, साडीच्या दुकानात मिळते तशी. तिच्यात अपंगत्वाचा दाखला, एस.टी.चा पास, दोन्हींच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे फोटो. एस.टी., रेल्वेची खिडकी, बाग, प्रदर्शन, भक्तनिवास, जिथं म्हणून तिकीट किंवा भाडं असेल तिथं त्या कुबडी टेकवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "अपंगाला सूट काय हाय?" 'आहे का' असं कधी विचारायच्या नाहीत. आहेच, आता किती ते सांगा, असा त्यांचा सूर.

मला लाज वाटायची. एकदा मी म्हटलंही, "बाई, दर ठिकाणी काय मागायचं हो?"

"मी मागून न्हाई राहिले. विचारून राहिले." त्यांनी डावा पाय पुढं केला. "ही चप्पल बघा. डाव्या पायासाठी मला अख्खा जोड घ्यावा लागतो. उजवी चप्पल कोरीच्या कोरी टाकून द्यायची. तवा कोणता दुकानदार म्हणतो, बाई, अर्धेच द्या? तुमी चालत जाता तिथं मला रिक्षा लागती. मंग जिथं सूट लिव्हून ठेवली हाय तिथं काहून सोडायची?"

उत्तर नसलं की मला राग यायचा.

एस.टी.त त्यांना पाव तिकीट लागायचं आणि सोबत्याला अर्धं. चढायच्या त्या एकट्या, पण उतरताना शेवटच्या पायरीवर त्यांना कुणाचा तरी खांदा लागायचा. त्यांनी मला विचारलं आणि मी घरी यजमानांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, "अर्ध्यात होतंय तर जा." माझ्या संसारात मला फिरायला जायची मोकळीक मिळाली ती अशी, अर्ध्या तिकिटात.

सिद्धेश्वरची पहिली सहल मला अजून लख्ख आठवते. हिवाळ्याचे दिवस होते, धरण भरलेलं. काठावर मासेमारांच्या दोन होड्या होत्या. राठोडबाई थेट होडीवाल्याकडे गेल्या. तो त्यांच्या पायाकडे बघून म्हणाला, "न्हाई बाई, तुमाला न्हाई बसवत. पडल्या-बिडल्या तर?"

"पडले तर कुबडी लाकडाची हाय. धरून तरंगन की."

तो हसायला लागला. तेवढ्यात यांचं पुढचं सुरू. "आन माझा एक पाय नुसता वाळलेला हाय. तेवढं वजन कमी. भाडं बी तेवढं कमी कर."

तो इतका हसला की त्यानं आम्हा दोघींना एकीच्याच भाड्यात फिरवून आणलं. मी दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून बसले होते. त्या हात पाण्यात सोडून बसल्या होत्या. परत आल्यावर होडीवाल्याच्या बायकोनं चुलीवर मासे तळून दिले. मी कुलकर्ण्यांची. जरा लांब, पाठ करून बसले आणि डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. मागून वास येत होता, त्या दोघींचं हसणं येत होतं. मासा मी जन्मात खाल्ला नाही, खाणारही नाही, पण त्या दिवशी मला त्या माशाचासुद्धा हेवा वाटला.

होय, हेवाच. अपंग माणसाचा हेवा वाटतो हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो वेड्यात काढेल. देवापुढं सांगायला तर तोंडच नाही. औंढ्याला नागनाथाचा गाभारा खाली, भुयारासारखा. अरुंद पायऱ्या उतरून वाकत जावं लागतं. राठोडबाई पायरीवर बसल्या आणि बसल्या-बसल्या सरकत खाली गेल्या, कॅलिपर प्रत्येक पायरीवर खणखणत. आमच्या सासरचे एक चुलते तिथं देवाच्या सेवेत होते. त्यांनी खालून हात दिला, "ये माय, ये सावकाश," म्हणाले, पायाची विचारपूस केली आणि निघताना अख्खा नारळ हातात ठेवला. मी त्या घरची सून. मला एक खोबऱ्याचा तुकडा मिळाला. बाहेर आल्यावर बाईंनी नारळ माझ्याच पिशवीत टाकला, "तुमच्या घरचा देव, तुमीच न्या," म्हणून. मी नेला. घरी कुणी दिला ते सांगितलं नाही.

असं वर्षांमागून वर्षं चाललं. महिन्यातून एखाददुसरा रविवार. नरसी, बाळापूर, एकदा नांदेड. त्यांना जिथं जावंसं वाटे तिथं त्या जात आणि मी त्यांच्या बाजूला बसून जाई. खिडकी मात्र नेहमी त्यांची. पाय लांब करायला लागतो म्हणून. सोबत्याला खिडकी कोण देणार?

मग शाळेत मीरा गायकवाड आली. पंचविशीतली, लग्न व्हायचं होतं, मोकळी हसणारी. मासे खायची. राठोडबाईंनी रेल्वेनं हैदराबादला जायचं काढलं. रेल्वेतसुद्धा त्यांना आणि सोबत्याला सूट होती. त्यांनी आधी मलाच विचारलं, हे मला कबूल करायला हवं. यजमान म्हणाले, "चार दिवस? आणि घर कोण बघणार?" मी नाही म्हटलं. मीरा गेली.

त्या आल्या तेव्हा माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या होत्या आणि भिंतीवर लावायला एक फोटो. चारमिनारपुढं दोघी उभ्या, मीराच्या हातात कुबडी आणि बाईंचा हात मीराच्या खांद्यावर. दोघींचे डोळे उन्हानं बारीक झालेले. बाईंच्या खोलीत गेलं की तो फोटो समोरच दिसायचा. मी खोलीत जाणं कमी केलं. बांगड्या फडताळात ठेवल्या.

त्यानंतर "एक अपंग, एक सोबती" मधली सोबती बहुतेकदा मीराच असायची.

दोनेक वर्षांनी राठोडबाईंनी गाडीचं काढलं. तेव्हा हिंगोलीचा नवा जिल्हा होऊन थोडे दिवस झाले होते. हिंगोलीतल्या एका डॉक्टरांना त्यांची लहान, जुनी पांढरी गाडी विकायची होती. स्टँडमागं रहीमभाई नावाचे एक मिस्त्री होते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवता येतील असा दांडा बसवून देतो म्हणाले. बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. रहीमभाईंनी जमिनीवर खडूनं चित्र काढून दाखवलं. "बाईजी, पाँव का काम हात करेगा, बस. तकलीफ कुछ नहीं." बाई त्या चित्राकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

गाडीचा कर अपंगाला माफ होता. तो माफ झाला तरच ती गाडी त्यांच्या पगारात बसणार होती. त्यासाठी आणि लायसनसाठी नवा दाखला हवा होता. तपासणीची तारीख फोनवर कळवू असं सरकारी दवाखान्यातून सांगितलं होतं. गल्लीत फोन आमच्याच घरी, म्हणून नंबर आमचा दिलेला. गाडीवाल्या डॉक्टरांनी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं होतं.

हे सगळं त्या कशासाठी करत होत्या, ते शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची आई, तिला त्या याडी म्हणायच्या, तांड्यावर एकटी राहायची. गुडघे गेलेले. फाट्यापर्यंत चालत येणं होत नव्हतं. लेकीच्या गाडीत बसून पोहरादेवीला जायचं, हे तिनं मनात धरलं होतं.

तो सोमवार होता. मधल्या सुट्टीत बाई रंगात आल्या होत्या. "पहिल्या फेरीला याडीला पोहरादेवीला नेनार. फुडं मी आन याडी. मागं तू बस मीरा, कुठं बंद पडली तर ढकलायला."

सगळे हसले. मीही हसले. मागच्या सीटवर तिघी मावतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी फक्त मीराचं नाव घेतलं.

त्याच संध्याकाळी फोन आला. "राठोडबाईंना सांगा, परवा बुधवारी सकाळी तपासणी आहे. ही चुकली तर मग दिवाळीनंतरच."

"सांगते," मी म्हटलं.

आमच्या दोन घरांत एक भिंत. पलीकडं बाई स्टोव्हला पंप मारत होत्या, ते मला ऐकू येत होतं. भिंतीवर हात आपटून हाक मारली असती तरी पुरे होतं. मी पोळ्या लाटायला बसले. पहिली पोळी झाली की सांगू, असं मनात म्हणाले. मग म्हणाले, यजमान आल्यावर. मग म्हणाले, सकाळी.

मंगळवारी आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांनी मला मिरचीचा ठेचा वाढला. बुधवारी त्या शाळेत आल्या, तिसरीच्या वर्गावर गेल्या, पाढे म्हणून घेतले. मी व्हरांड्यातून त्यांचा आवाज ऐकत होते.

गुरुवारी मी सांगितलं. "अगं बाई, तुमचा फोन आला होता हो. माझ्या डोक्यातून गेलंच."

त्यांच्या हातात खडू होता. "कवा आल्ता?"

"सोमवारी."

"सोमवारी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग खडू पेटीत ठेवला. "व्हय. कामाच्या गडबडीत ऱ्हाऊन जातं."

डॉक्टर आणखी थांबायला तयार नव्हते. गाडी वसमतच्या कुणीतरी नेली. राठोडबाई त्याबद्दल बोलल्या नाहीत. हिवाळ्यात याडीची तब्येत ढासळायला लागली, तेव्हा त्यांनी भाड्याची जीप केली आणि तिला पोहरादेवीला नेऊन आणलं. परत आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"झालं दर्शन. याडी फुडं बसली, डायवरच्या बाजूला. मी मागं." मग म्हणाल्या, "जीपवाल्यानं पुरं भाडं घेतलं. सुटीचं मी विचारलंच न्हाई."

उन्हाळ्यात याडी गेली. मी तांड्यावर भेटायला गेले होते. राठोडबाई दारात बसल्या होत्या, कॅलिपर काढून बाजूला ठेवलेला. त्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. तो पाय हाताच्या मनगटाएवढा होता. इतकी वर्षं मी त्या पायाच्या सवलतीवर फिरले होते आणि तो कधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी मीराचं लग्न झालं आणि ती बदली करून नांदेडला गेली. एका रविवारी राठोडबाईंनी दार वाजवलं. "औंढ्याला येता का?" मी पातळ बदलून लगेच निघाले. कंडक्टर आला. "एक अपंग, एक सोबती." मला माझी जागा परत मिळाली होती. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला. बाईंना काही कळलेलं नाही, असं मी स्वतःला सांगून टाकलं. पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही पुन्हा हिंडलो. त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, खिडकीवर विचारायच्या, उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. हात फक्त पूर्वीपेक्षा हलका ठेवायच्या. वय झालं, सावध झाल्या, असं मला वाटायचं.

मग त्यांनी दुसरी गाडी घेतली. या वेळी फोन नंबर रहीमभाईंच्या दुकानाचा दिला होता. तपासणी कधी झाली, लायसन कधी आलं, मला पत्ताही लागला नाही. औंढ्याकडच्या शाळेत बदलीही मागून घेतली होती. एका सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. बाहेर आले तर निळ्या गाडीत राठोडबाई. कुबडी मागच्या सीटवर आडवी.

"बसा कुलकर्णीबाई. फाट्यापर्यंत चक्कर मारू."

मी पुढं बसले. खिडकीशी. त्यांनी डाव्या हातानं दांडा दाबला, गाडी हलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. गाडी त्या सहज चालवत होत्या. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"राठोडबाई, तो फोन... मी विसरले नव्हते."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तुमी सांगितलं त्याच दिशी. सोमवारचा निरोप तुमी बेस्तरवारी दिला. मंगळवारी माझ्या डब्यातला ठेचा खाल्ला. इसरलेलं माणूस असं खाली बघून जेवत न्हाई."

"मग बोलल्या का नाहीत? उलट मला बरोबर घेऊन गेलात, इतकी वर्षं..."

"मंग कुणाला नेलं असतं? मीरा गेली. तांड्यावर कुणी ऱ्हायलं न्हाई. उतरताना खांदा लागतो मला. तुमच्यासंगं भांडले असते तर घरातच बसावं लागलं असतं." समोरून बैलगाडी आली. त्यांनी दांडा ओढून गाडी हळू केली, तिला जाऊ दिलं. "आता गाडी हाय. आता बोलते. लई वंगाळ केलं तुमी, बाई. याडीला माझ्या गाडीत बसायचं होतं."

मी रडले नाही. रडण्याचा हक्क त्यांचा होता आणि त्याही रडत नव्हत्या. फाट्यावर त्यांनी गाडी वळवली. बारा वर्षं मी समजत होते की या बाईच्या मागं मी फुकट मिरवते, माझ्या वाट्याला तिचं उरलेलं येतं. तिला दर रविवारी माझी मर्जी राखावी लागत होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

घरापुढं गाडी थांबली. "सावकाश उतरा," त्या म्हणाल्या, "दाराचा कोना लागतो डोक्याला." मी उतरले. त्या गेल्या. बदलीच्या गावाहून दिवाळीला त्यांचं पत्र येईल, असं मी काही वर्षं धरून चालले होते. आलं नाही. मीही लिहिलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हिंगोलीजवळच्या रेल्वे फाटकावर. यजमान निवृत्त झाले होते, माझीही वर्षं भरत आली होती. बस खच्चून भरलेली, मी दांड्याला धरून उभी. फाटक बंद होतं. आमच्या बसच्या अगदी बाजूला निळी गाडी येऊन थांबली. केस बरेच पांढरे झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. मागच्या सीटवर आंब्याचं एक रोप, खिडकीतून त्याचा शेंडा बाहेर आलेला. आगगाडी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत मान वळवत ती सगळी पाहिली. गाडी गेल्यावरही थोडा वेळ रुळांकडे बघत होत्या.

मी खिडकीवर टकटक करू शकले असते. मधे बसलेल्या बाईला थोडं सरकायला सांगायचं, एवढंच होतं.

फाटक उघडलं. आमची बस अजून गिअर शोधत होती, तेवढ्यात निळी गाडी पुढं निघून गेली. मी वाकून बघत होते, म्हणून त्या बसलेल्या बाईनं विचारलं, "वळखीच्या हायेत का वं?"

"होय."

"एकल्याच चालल्या?"

"एकट्याच," मी म्हटलं. आणि सरळ होऊन दांडा पुन्हा धरला.